वर्गातून विभागातला कॉम्प्युटर चालवायचा आहे: डोंगल, प्रोजेक्टर आणि कॉलेजचं नेटवर्क

ताणाबाणा_सोलापूर

नमस्कार. टेक्सटाईल डिप्लोमाच्या मुलांना डॉबी आणि जॅकार्डचं (नक्षी विणणाऱ्या मागांचं) डिझाइन शिकवते. सॉफ्टवेअर एकाच मशीनवर आहे: विभागाच्या ऑफिसातला डेस्कटॉप, विंडोज ११ प्रो, मागे यूएसबी डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, जी लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. वर्ग समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. तिथे विंडोज १० चा साधा पीसी, ४ जीबी रॅम, आणि छताला १०२४ × ७६८ चा प्रोजेक्टर. डोंगल दर तासाला पर्समध्ये घालून न्यायचं नाही. ते हरवलं तर सॉफ्टवेअर गेल्यातच जमा. शिवाय वर्गातल्या पीसीवर नवीन काही टाकायची परवानगी नाही.

सोलापुरात यातल्या बऱ्याच मुलांच्या घरी किंवा शेजारी माग आहेत. चादरीची बॉर्डर त्यांना रोज दिसते. पण ताण्याचा एक धागा उचलला की पुढचा सगळा रिपीट (पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा तुकडा) कसा बदलतो, हे समोर घडताना दाखवलं तरच डोक्यात बसतं. स्क्रीनशॉटवर ते होत नाही.

आत्ताची परिस्थिती:

रिमोट डेस्कटॉप (एका मशीनवरून दुसरं मशीन चालवायची विंडोजची सोय) चालू केलाय. स्टाफरूममधून लॅपटॉपवर लगेच जोडला जातो. वर्गातून कॉम्प्युटरचं नाव टाकलं तर सापडत नाही असं येतं. आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा नंबर) टाकला तर जोडतो, पण दुसऱ्या दिवशी तोच आयपी चालत नाही. जोडल्यावर पिन टाकला तर चुकीचा म्हणतो, ऑफिसात तोच पिन बरोबर चालतो. आणि त्याच मशीनवर माझी मेल आणि अंतर्गत गुणांच्या शीट आहेत, त्या मुलांसमोर पडद्यावर यायला नकोत.

कुठून सुरुवात करू?

पॅचकॉर्ड

मॅडम, तुमच्या प्रश्नात चार वेगवेगळे प्रश्न आहेत. नेटवर्कचा आधी घेऊ.

नाव सापडत नाही कारण ऑफिस आणि वर्ग वेगवेगळ्या सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या भागांत असणार. दोन्ही मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग चालवा. ऑफिसचा १९२.१६८.१०.४५ आणि वर्गाचा १९२.१६८.२०.१२ अशा धर्तीचे आकडे दिसले, म्हणजे तिसरा आकडा वेगळा असला, तर नाव शोधणारी हाक राऊटरच्या पलीकडे जात नाही. कॉलेजात डोमेन आणि नीट लावलेला डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी सेवा) नसेल तर नावाचा नाद सोडा, आयपीच वापरा.

दुसऱ्या दिवशी आयपी बदलतो कारण तो डीएचसीपीकडून, म्हणजे आयपी आपोआप वाटणाऱ्या सेवेकडून मिळतोय. ऑफिसच्या मशीनवर हाताने पक्का आयपी टाकू नका. तोच नंबर डीएचसीपीने उद्या दुसऱ्या कुणाला दिला की दोघांचंही नेट अडखळतं आणि कारण सापडायला आठवडा जातो. आयटीवाल्यांना डीएचसीपी रिझर्व्हेशन करायला सांगा, म्हणजे या मशीनला कायम तोच आयपी मिळेल. त्यासाठी आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मधला 'फिजिकल ॲड्रेस' लागतो. इथे बरेच जण घसरतात: मशीनला केबल आणि वाय-फाय दोन्ही असतील तर दोन वेगळे फिजिकल ॲड्रेस असतात. केबलवाला, म्हणजे इथरनेट अडॅप्टरखालचा द्या आणि मशीन केबलवरच ठेवा.

मग वर्गातून तपासा. पिंगवर विसंबू नका, विंडोजचं फायरवॉल बहुतेक वेळा पिंगला उत्तर देत नाही आणि सगळं ठीक असतानाही बंद वाटतं. पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन, पुढे ऑफिसचा आयपी, पुढे हायफन पोर्ट आणि ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट नंबर) असं द्या. 'टीसीपी टेस्ट सक्सीडेड' समोर ट्रू आलं तर रस्ता मोकळा आहे. फॉल्स आलं तर तीन जागा बघायच्या. ऑफिसच्या मशीनवर वेगळा अँटीव्हायरस असेल तर त्याचं स्वतःचं फायरवॉल. दोन सबनेटमधला नियम, जो आयटीवाल्यांनाच उघडता येतो. आणि वर्गातला पीसी वाय-फायवर असेल तर क्लायंट आयसोलेशन. विद्यार्थ्यांच्या वाय-फायवर ते मुद्दाम चालू ठेवतात, म्हणजे एक यंत्र दुसऱ्याला दिसत नाही, आणि ते बरोबरच आहे. बंद करायला सांगू नका, वर्गात केबल मागा. फक्त एक लक्षात ठेवा, नेटवर्क स्विचपासून (केबली जोडणाऱ्या पेटीपासून) पीसीपर्यंत तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. समोरच्या इमारतीतून थेट ओढलेली १३० मीटरची केबल सुरुवातीला चालल्यासारखी वाटते आणि ऐन तासाला तुटक होते.

पिनचं: पिन फक्त त्या मशीनसमोर बसून चालतो. रिमोट डेस्कटॉपला खरा पासवर्ड लागतो, कोरा पासवर्डही चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स इथे 'फक्त विंडोज हॅलो' वालं बटण बंद करा आणि एकदा ऑफिसातच पिनऐवजी पासवर्डने आत जा. ते केल्याशिवाय मशीन नवा पासवर्ड ओळखत नाही.

राहिलं स्लीप. पॉवर सेटिंगमध्ये स्क्रीन कितीही मिनिटांनी बंद होऊ द्या, स्लीप मात्र 'नेव्हर'.

झटपट_उपाय

एवढं कशाला? एनीडेस्क टाका, नऊ आकडी नंबर टाकला की झालं. नेटवर्कवाल्यांच्या पाया पडायला नको.

पॅचकॉर्ड

सर, तीन अडचणी आहेत. एनीडेस्कची फुकट आवृत्ती वैयक्तिक वापरासाठी आहे, कॉलेजच्या कामाला परवाना घ्यावा लागतो. टीमव्ह्यूअरचंही तसंच, त्याला व्यावसायिक वापराचा संशय आला की जोडणी मध्येच तोडतो, आणि ते मुलांसमोर होतं. दुसरं, मॅडमना वर्गात काही इन्स्टॉल करायची परवानगी नाही. रिमोट डेस्कटॉपचा क्लायंट विंडोजमध्ये आधीपासून असतो. तिसरं महत्त्वाचं: दोन इमारतींमधलं काम कॉलेजच्या आतल्या नेटवर्कवर होत असेल तर बाहेरचं इंटरनेट बंद पडलं तरी तास चालू राहतो. एनीडेस्कला सुरुवातीलाच बाहेरच्या सर्व्हरला भेटून यावं लागतं.

पंचिंग_मास्तर

नेटवर्क लागलं तरी खरी गाठ पुढे आहे, ती डोंगलची. तिच्याबद्दल अजून कुणी बोललं नाही.

रिमोट डेस्कटॉप म्हणजे ऑफिसच्या स्क्रीनचा आरसा नव्हे. तो विंडोजमध्ये रिमोट प्रकारचं सेशन लावतो. पुष्कळ डोंगल आणि परवाना तपासणारे प्रोग्रॅम हे ओळखतात आणि मुद्दाम थांबतात, कारण एका परवान्यावर दहा जणांनी दुरून काम करू नये असं विकणाऱ्याला वाटतं. सेंटिनल हॅस्प जातीच्या डोंगलमध्ये ही बंदी विकणारा लावू शकतो. फ्लेक्स परवान्याचं सॉफ्टवेअर असेल तर 'टर्मिनल सर्व्हर रिमोट क्लायंट' ला परवानगी नाही असा संदेश, एरर उणे १०३, येतो. काही प्रोग्रॅम एवढंही सांगत नाहीत, नुसतं 'की सापडली नाही' म्हणतात. मग माणूस डोंगल काढून पुन्हा लावत बसतो आणि दोष यूएसबी पोर्टला देतो.

म्हणून आधी हे तपासा: ऑफिसात कुणाला तरी बसवा, वर्गातून जोडा, आणि सॉफ्टवेअर वर्गातूनच नव्याने सुरू करा. सुरू झालं तर प्रश्न मिटला.

नाही झालं तर क्रमाने असं करून बघा.

तासाआधी ऑफिसात बसून सॉफ्टवेअर उघडून ठेवा, मशीन लॉक करा आणि वर्गातून त्याच युजरने जोडा. युजर तोच असेल तर रिमोट डेस्कटॉप तेच चालू सेशन उचलतो, उघडलेली डिझाइन तशीच मिळते. बरेच प्रोग्रॅम डोंगल फक्त सुरू होताना बघतात, त्यांना हे पुरतं. काही मात्र दर थोड्या मिनिटांनी पुन्हा विचारतात. म्हणून रिकाम्या वर्गात पूर्ण तासभर चालवून बघा, पाच मिनिटं चाललं म्हणून भरवसा ठेवू नका.

तेही नाही जमलं तर खऱ्या स्क्रीनचा आरसा दाखवणारं साधन घ्या: टाइटव्हीएनसी, रस्टडेस्क किंवा क्रोम रिमोट डेस्कटॉप. यात सॉफ्टवेअरला वाटतं माणूस समोरच बसलाय, त्यामुळे डोंगल कुरकुरत नाही. मॅडमच्या बाबतीत क्रोमवालं सोयीचं, कारण वर्गाच्या बाजूला ते नुसत्या ब्राउझरमध्ये चालतं. बसवायचं ते ऑफिसच्या मशीनवर, किमान ६ आकडी पिन ठेवून. पण त्याला गुगल खातं आणि इंटरनेट लागतं. वर्गातल्या ब्राउझरमध्ये ते खातं उघडायचं तर इनकॉग्निटो खिडकीतच, आणि या कामासाठी वेगळं खातं काढलेलं बरं. स्वतःच्या मेलचं खातं सार्वजनिक पीसीवर नको. व्हीएनसी घेतलंत तर दोन गोष्टी माहीत असू द्या: त्याच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची फक्त पहिली ८ अक्षरं मोजली जातात, आणि टाइटव्हीएनसी स्क्रीन उघडीच पाठवतं, कूटबद्ध करत नाही.

आरशाचा तोटा असा की तुम्ही वर्गात जे करता ते ऑफिसच्या मॉनिटरवरही दिसतं आणि तिथल्या माणसाचा माऊसला धक्का लागला की तुमचा कर्सर उडतो. मॉनिटर बंद करून ठेवा. पण डिस्प्लेपोर्टचा किंवा काही एचडीएमआय मॉनिटर बंद केला की विंडोजला वाटतं मॉनिटरच काढला, आणि रिझोल्यूशन कोसळतं किंवा काळी स्क्रीन येते. तसं झालं तर एचडीएमआयचा डमी प्लग (मॉनिटर जोडलाय असं भासवणारा) बसवा.

कायमचा मार्ग म्हणजे विक्रेत्याकडून नेटवर्क डोंगल किंवा शैक्षणिक परवाना. पत्र विभागप्रमुखांच्या सहीने पाठवा आणि त्यात 'एका वेळी एकच जण वापरणार' हे स्पष्ट लिहा. विकणाऱ्याची भीती नेमकी तीच असते.

ताणाबाणा_सोलापूर

पॅचकॉर्ड सर, तिसरा आकडा खरंच वेगळा आहे. रिझर्व्हेशनचा अर्ज दिलाय. पंचिंग मास्तर, तुम्ही म्हणता तसंच आहे: रिमोटवरून नव्याने उघडलं की 'की सापडली नाही', आणि ऑफिसात आधी उघडून ठेवलं तर चालतं. पूर्ण तासाचं बघायचंय.

पण दुसरंच दिसलं. प्रोजेक्टरवर डिझाइनच्या चौकटी एकसारख्या दिसत नाहीत. काही उभ्या रेषा जाड, काही गायब. मुलांना धागे मोजता येत नाहीत.

पंचिंग_मास्तर

हा जोडणीचा दोष नाही, मापाचा आहे. १९२० × १०८० ची प्रतिमा १०२४ × ७६८ मध्ये कोंबली की रुंदीतलेच जवळपास निम्मे पिक्सेल टाकून द्यावे लागतात. एक पिक्सेल जाडीची ग्रिडची रेषा कुठे उरते, कुठे जाते.

रिमोट डेस्कटॉप उघडताना 'शो ऑप्शन्स', 'डिस्प्ले' टॅबमध्ये सरकपट्टी नेमकी १०२४ × ७६८ वर आणा, रंग ३२ बिट ठेवा. १६ बिटवर जवळजवळच्या दोन छटा एकच दिसतात आणि रंगाच्या प्रत्येक छटेला वेगळी वीण दिलेली असेल तर शिकवण्याचा मुद्दाच बुडतो. 'एक्सपीरियन्स' टॅबमध्ये लॅन निवडा. आरसा वापरत असाल तर ऑफिसच्या मशीनचंच रिझोल्यूशन त्या तासापुरतं १०२४ × ७६८ करा.

मग डिझाइनचा झूम असा ठेवा की एक चौकट पूर्ण पिक्सेलात बसेल. ८ पिक्सेलची चौकट घेतली तर अख्ख्या पडद्यावर आडवे १२८ आणि उभे ९६ घर मावतात, टूलबारची जागा वजा करून. बॉर्डरचा एक रिपीट शिकवायला एवढं भरपूर होतं. शेवटच्या बाकावरून मोजायचं असेल तर १६ पिक्सेल, म्हणजे ६४ धागे.

प्रोजेक्टरचं कीस्टोनही बघा. पडदा तिरका म्हणून कीस्टोन लावलं की प्रोजेक्टर प्रतिमा स्वतःच पुन्हा दाबतो आणि ग्रिड परत बिघडते. प्रोजेक्टर सरळ बसवून कीस्टोन शून्यावर आणा.

हातात एक पर्याय तयार ठेवावा म्हणून त्या दिवशीची डिझाइन बीएमपी किंवा पीएनजी करून वर्गातल्या पीसीवर टाकून ठेवा. जेपीईजी नको. जेपीईजी दोन रंगांच्या कडेला मधल्या छटा तयार करतं. मुलांनी ती फाइल पुढे सॉफ्टवेअरमध्ये उघडली की चार रंगांच्या डिझाइनचे शेकडो रंग झालेले दिसतात.

परीक्षा_विभाग

मॅडम, गुणांच्या शीटचं मी सांगते, कारण यात सवलत नको. एकाच युजरमध्ये मेल, गुण आणि वर्गाचं काम ठेवून 'लक्ष ठेवीन' म्हणणं पुरत नाही. तास चालू असताना उजव्या कोपऱ्यात मेलची सूचना येते, 'रिसेंट फाइल्स'मध्ये नावं दिसतात.

ऑफिसच्या मशीनवर 'वर्ग' नावाचा वेगळा लोकल युजर काढा, स्टँडर्ड प्रकारचा, ॲडमिन नाही. त्यात मेल नाही, व्हॉट्सॲप वेब नाही, ड्राइव्ह जोडलेली नाही. रिमोट डेस्कटॉप सेटिंगमध्ये 'रिमोट डेस्कटॉप युजर्स' इथे त्याला घाला. गुणांचं फोल्डर तुमच्या स्वतःच्या युजरमध्ये, डॉक्युमेंट्सखाली ठेवा. डी ड्राइव्हवर मोकळं ठेवलं तर 'वर्ग' युजरलाही ते उघडता येतं. वर्गातून आत जाताना युजरच्या जागी कॉम्प्युटरचं नाव, उलटा तिरका दांडा, मग वर्ग असं लिहा, नाहीतर वर्गातला पीसी स्वतःचाच युजर समजून नाकारतो. पंचिंग मास्तरांनी सांगितलेली युक्ती करायची तर सॉफ्टवेअरही याच युजरमध्ये उघडून ठेवा.

वर्गातला पीसी मुलं हाताळतात, तेव्हा तो परका समजायचा:

'रिमेंबर मी' वर खूण करू नका. रन मध्ये एमएसटीएससी लिहून एक जागा सोडून स्लॅश पब्लिक लिहिलंत तर तो पासवर्ड आणि चित्रांचे तुकडे पीसीवर साठवत नाही.

'लोकल रिसोर्सेस' मध्ये क्लिपबोर्ड आणि ड्राइव्हज दोन्ही काढा. पेन ड्राइव्हवरचा व्हायरस याच वाटेने विभागात पोचतो.

तास संपला की वरच्या फुलीवर क्लिक करणं म्हणजे फक्त जोडणी तुटणं. आत सॉफ्टवेअर चालूच राहतं आणि परवाना अडकून राहतो. स्टार्टमधून साइन आउट करा. पुढच्या तासासाठी सॉफ्टवेअर मुद्दाम उघडं ठेवायचं असेल तेवढाच अपवाद.

पासवर्ड टाइप करताना पडदा मुलांना दिसायला नको, म्हणून विंडोज बटण आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडा. आत गेल्यावरच रिमोटची खिडकी प्रोजेक्टरकडे ओढा. वर्गातल्या पीसीला स्वतःचा मॉनिटर नसेल तर प्रोजेक्टरच्या रिमोटवरचं एव्ही म्यूट किंवा फ्रीझ वापरा.

आणि वर्गातलं विंडोज १० आता जुनं झालं, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. अपग्रेडची मागणी लेखी देऊन ठेवा.

पॅचकॉर्ड

परीक्षा विभागाच्या मॅडमना जोड: ऑफिसच्या मशीनवर फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपचा इनबाउंड नियम उघडा आणि 'स्कोप' टॅबमध्ये रिमोट आयपी म्हणून फक्त वर्गातल्या पीसीचा आयपी घाला. यूडीपीचा वेगळा नियम असतो, त्यातही तेच करा. मग होस्टेलमधून कुणी नंबर टाकून बघितला तरी दार दिसत नाही. अर्थात वर्गातल्या पीसीलाही रिझर्व्हेशन हवं, नाहीतर तुम्हीच बाहेर राहाल.

केगाव_लाईन

हे घरूनही चालेल का? राऊटरवर ३३८९ उघडला तर?

पॅचकॉर्ड

अजिबात उघडू नका. इंटरनेटवर उघडा ३३८९ पासवर्ड तोडणाऱ्यांना फार लवकर सापडतो. २०१९ साली ब्लूकीप नावाची त्रुटी निघाली तेव्हा जुन्या विंडोजमध्ये पासवर्ड न लागताही आत शिरता येत होतं. पोर्टचा नंबर बदलणं हाही बचाव नव्हे. कॉलेजचं व्हीपीएन (बाहेरून कॉलेजच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट) असेल तर त्यातून या. नसेल तर आयटीच्या लेखी परवानगीने टेलस्केलसारखं काही, जे बाहेर एकही पोर्ट उघडत नाही.

घरून मोबाइल हॉटस्पॉटवर केलं तर डेटाचा हिशोब असा: सरासरी १ मेगाबिट प्रति सेकंद धरला तर तासाला ४५० एमबी. डिझाइन सतत सरकवत राहिलात तर २ मेगाबिट, म्हणजे ९०० एमबी. रोजच्या दीड जीबीत दोन तासही पुरणार नाहीत.

ताणाबाणा_सोलापूर

'वर्ग' युजर काढला. आधी उघडून ठेवलेलं सॉफ्टवेअर पूर्ण तास चाललं, डोंगलने मध्ये पुन्हा विचारलं नाही. १६ पिक्सेलवर शेवटच्या बाकावरूनही धागे मोजता येतायत.

शेवटचा प्रश्न. वीज गेली की जोडणी तुटते. ऑफिसचं मशीन यूपीएसवर आहे, वर्गातलं इन्व्हर्टरवर. दोन्ही चालू राहतात, तरी तुटते.

पॅचकॉर्ड

मधला स्विच बंद पडतोय. जिन्याजवळच्या किंवा कॉरिडॉरमधल्या रॅकमध्ये जो आहे तो थेट मेनवर असणार. २४ पोर्टचा साधा, पीओई (केबलमधून वीज द्यायची सोय) नसलेला स्विच फार वीज खात नाही, छोटा ६०० व्हीए यूपीएस त्याला डेस्कटॉपपेक्षा कितीतरी जास्त वेळ पुरतो. दोन्ही इमारतींमधल्या रॅकना लावायला सांगा. ऑफिसच्या मशीनच्या यूपीएसची बॅटरी मात्र खरंच किती मिनिटं टिकते ते बघून ठेवा. दोन-तीन उन्हाळे काढलेली बॅटरी बीपही धड न देता बंद पडते.

मशीन बंदच पडलं तर दुरून चालू करायला वेक ऑन लॅन सुचवतील. त्याचं पॅकेट तुमच्या दोन सबनेटच्या मधून सहसा जात नाही, त्यात वेळ घालवू नका. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) 'आफ्टर पॉवर लॉस' सारखं नाव असेल, ते 'पॉवर ऑन' करा, म्हणजे वीज आली की मशीन आपोआप उठेल. मात्र सॉफ्टवेअर उघडं ठेवायची तुमची युक्ती अशा वेळी गेलेली असते, ऑफिसात कुणालातरी 'वर्ग' युजरने आत जाऊन ते उघडायला सांगावं लागेल. ती व्यक्ती आधीच ठरवून ठेवा.

एप्रिल-मे मध्ये ऑफिस बंद करून मशीन दिवसभर चालू ठेवणार असाल तर खिडकीची झडप उघडी ठेवा. शेजारी विव्हिंगची लॅब असेल तर सुताची बारीक धूळ पंख्यात आणि पॉवर सप्लायच्या जाळीत बसते. महिन्यातून एकदा मशीन बंद करून, प्लग काढून, ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नुसता फिरू देऊ नका.